बाबांचं व्हॉलीबॉल

बाबा, आज मोबाइलवर व्हॉलीबॉलची मॅच पाहिली. चित्र एकदाही अडकलं नाही, आणि तुमची फार आठवण आली.

लकवा झाल्यावर तुम्ही बोलणंच सोडलं होतं. डॉक्टर म्हणायचे, वाचा येईल, बोलतं करत राहा. आई मळ्यातल्या वांग्यांची खबर सांगायची, मी वाशीमहून येऊन गप्पा मारायचे. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले. केनवडच्या मैदानावर जाळीपाशी तुमच्याइतकं उंच कोणी उडत नसे, असं काका सांगायचे. म्हणून मी व्हॉलीबॉल शोधायला लागले. आपल्या टीव्हीवर तो कुठेच नव्हता. शेवटी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम सापडला, त्यावर कुठलं तरी परदेशी चॅनेल दिसायचं. कॉमेंट्रीचं एक अक्षरही कळत नव्हतं. चित्र चौकोन चौकोन होऊन थांबायचं, मग पुन्हा चालायचं.

अशीच एक संध्याकाळ. आई तुमच्या ताटात भाकर कुस्करते आहे. मी कॉम्प्युटरचं टेबल खाटेजवळ ओढते. पडद्यावर एक उंच पोरगा समोरचा चेंडू सोडून देतो, आणि तुम्ही ओरडता, "अबे, उचल ना!"

आईच्या हातातलं ताट कललं. रडता रडता ती हसायला लागली. "बोलले! बाई, तुहे बाबा बोलले!"

मग हळूहळू शब्द येत गेले. एकदा तुम्ही विचारलंत, "हे मधातच काहून अडकते?" मी सांगितलं, हे एका जागेवरून येत नाही, जे जे पाहतात त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना चित्राचे तुकडे देतात. आपणही देतो.

"म्हंजे आपल्याकडून बी कोणी पाहून राह्यलं?"

"हो, बाबा."

तेव्हापासून मॅच संपण्याआधी डोळे मिटायला लागले तरी तुम्ही मला ते बंद करू दिलं नाहीत. "राहू दे. त्याची मॅच तुटन." आपण एकट्यांनी बंद केलं तर सहसा कोणाचं काही तुटत नसे, पण तसं मी बोलले नाही. तुम्ही घोरायचात आणि मी न कळणारा खेळ शेवटपर्यंत पाहत बसायचे.

दुसरा झटका तुम्हाला घेऊन गेला, पण तोवर तुम्ही आईशी मनसोक्त भांडून घेतलंत, मळ्यात कोणतं बी टाकायचं ते ठरवलंत, मी दारात आले की "जेवली काय?" विचारत राहिलात.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुमचा पहिला शब्द आईला नाही, मला नाही, पडद्यावरच्या त्या अनोळखी पोराला गेला. एवढ्या आनंदातही त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.