माय विमानात काय खाणार

मानवत, ३ नोव्हेंबर १९७६
टोरांटोहून बाळूचं पत्र. त्याच्या बायकोला, विमलला, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलंय. दोन गर्भ गेले, हा तिसरा. तिला आई नाही. बाळू लिहितो, "अक्का, काय बी कर, पण मायला पाठव."
मायचा पासपोर्ट, व्हिसा झालाय. तिकीट तेवीस तारखेचं. मुंबई ते लंडन, तिथं विमान बदल, पुढं टोरांटो. सगळं जमलं, एक सोडून. आंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय माय पाण्याचा घोट घेत नाही. संध्याकाळी जेवणाआधी परत तेच. विमानात आंघोळ कुठली? त्यात तिला साखरेचा आजार.

६ नोव्हें.
कंदील आणि लिंबू घेऊन मायला पृथ्वी दाखवली, वर्गात चौथीच्या पोरांना दाखवते तशी. विमान सूर्याच्या मागं मागं जाणार, म्हणजे संध्याकाळ लवकर होणारच नाही. मला वाटलं, पटेल. संध्याकाळ नाही तर संध्याकाळची पूजा नाही.
"मग रातचं जेवण बी न्हाई," माय म्हणाली.
कपाळ माझं!

९ नोव्हें.
मायला मठातल्या स्वामींकडे नेलं. भला माणूस. म्हणाले, "परवासात मनातल्या मनात करा. देव अंगावरच हाय की." मी जिंकल्यासारखं मायकडे बघितलं. परत येताना ती म्हणते, "सूट स्वामींनी दिली. मी कुठं मागितली?"

१३ नोव्हें.
उद्या रंगीत तालीम. पहाटे निघायचं, बिनआंघोळीचं. एस.टी.नं सेलू, देवगाव फाट्यावर गाडी बदलून जिंतूर, मामाकडे. फाटा म्हणजे आपलं लंडन! माय पण हसली. भूक लागली की खाईल, असं मला वाटतंय.

१४ नोव्हें.
सेलूपर्यंत ठीक होतं. फाट्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघत होतो आणि माय बाकावरून खाली. घामानं लुगडं चिंब. चहावाल्याकडची साखर बळंच तोंडात कोंबली तेव्हा डोळे उघडले. मग कळलं, पहाटे रिकाम्या पोटी साखरेच्या आजाराची गोळी घेतली होती. बिनपाण्याची, कोरडी.
"गोळी कशाला घेतलीस?"
"औषधाला पूजा लागत न्हाई."
आणि बिनपूजेची साखर पोटात गेली म्हणून रडायला लागली. मी भर फाट्यावर ओरडले. लोक बघत होते. नको होतं ओरडायला.

१५ नोव्हें.
परभणीचे डॉ. माझ्यावरच चिडले. गोळी घेतली तर खायलाच पाहिजे. थरथर सुटली की लगेच खडीसाखर. मी म्हटलं, "ऐकलंस? ही पण औषधच." तर म्हणे, "गोड लागतं ते कसलं औषध?"
तिकीट रद्द करू? केलं तर तिकडं विमल. नाही केलं तर ही. तार तरी काय करू बाळूला, की तुझी माय...

१९ नोव्हें.
चिडून बोलून गेले. "तू तिथं खाल्लं नाहीस ना, तर तू पोचल्याची तार येईपर्यंत मी पण खाणार नाही." माय सुपारी कातरत राहिली.
भीती वाटते. लय भीती वाटते.

मुंबई, २३ नोव्हें.
गेली. सकाळी आत्याच्या घरी आंघोळ, पूजा, भाकरी, गोळी. खडीसाखरेची पुरचुंडी मी तिथंच स्वतः तिच्या हातात दिली. घेतली, पण हो म्हणाली नाही. विमानतळावर लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवून आत गेली. वळून बघितलं नाही.

संध्याकाळी
फणी काढायला माझ्या पिशवीत हात घातला तर खडीसाखर. मायच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. जीवच गेला. मग सोडून बघितली, तर निम्मीच आहे.
निम्मी तिच्याजवळ राहिली. म्हणजे खाणार ती? की मी उपाशी राहू नये म्हणून नुसती समजूत?
इथं दिवस मावळला. तिच्याकडे अजून ऊन असेल.
एक खडा जिभेवर ठेवलाय. चावायचं धाडस होत नाही.