बांगड्यांवरचा फडका

बुऱ्हाणपूर, अखाजी, १९५७

आज माझा एकही मांडा फाटला नाही. हे आधी लिहून टाकते, बाकीचं मागाहून.

अखाजीला, म्हणजे आमच्या पुण्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, जळगावहून माहेरी आलेल्या वन्सं सकाळपासून महाबळेश्वर सांगत होत्या. थंडी कशी, मुलं घोड्यावर कशी बसली. मग म्हणाल्या, "तुम्ही भोपाळवाले कुठं गेलात सुट्टीत?" नव्या राज्यात आमची राजधानी भोपाळ झाल्यापासून आम्हाला हेच नाव. आमचं आपलं नावेतून तापीपलीकडचं जैनाबाद, तेही उन्हानं अर्ध्यात परत. मी पुरण वाटत राहिले.

दुपारी चुलीवर उलटं खापर चढलं. मी पुण्याची, पोळपाटावर वाढलेली. इथं पुरणाचा मांडा हातांवर फिरवून मोठा करायचा. दर अखाजीला माझा बांगड्यांना अडकून फाटायचा आणि पुरण चुलीत. सणाला बांगड्या उतरवणं तर शक्यच नाही. म्हणून यंदा धोतराचा ओला फडका बांगड्यांवर गुंडाळला.

"असं कुणी करतं का बाई?" सासूबाई म्हणाल्या. खरंच, जास्त शहाणपणा झाला का?

पण मांडा कोपरापर्यंत पसरला, खापरावर पडला, फुगला. अख्खा. पुढचाही. वन्संचा मात्र त्यांच्या नव्या बिलवरांना अडकला आणि महाबळेश्वर तिथंच थांबलं.

"तिलाही फडका बांध गं," सासूबाई म्हणाल्या. बांधला.

मग जराशानं, माझ्याकडे न बघता, त्यांनी स्वतःचेच दोन्ही हात पुढे केले. ज्या हातांकडे बघून मी मांडे शिकले, तेच.