आंबील कळकली नव्हती

मी, बिराप्पा सिद्राम देवकते, वय ६४, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावरचा निवृत्त ऑपरेटर, राहणार देवकतेवस्ती, जि. धाराशिव, कुणाच्या धाकानं किंवा लाडीगोडीनं नव्हे, तर स्वतःच्या मर्जीनं हे लिहून ठेवतो. साखरेमुळं पाय बधिर झालेत, पण डोकं ताळ्यावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. वस्तीवरचं दोन खोल्यांचं घर मुलगा योगीराज यास. माळाची दीड एकर जमीन योगीराज आणि मुलगी समृद्धी यांना सारखी. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची आमच्या भावकीला लई घाई असते. योगीराजनं ती करू नये.

२. टपालातली पुंजी पत्नी सिताबाई हिची. तिला कुणी काही विचारू नये.

३. काचेची लिटरची बरणी माझ्या जोडीचा ऑपरेटर लिंबाजी यास. टाकीतलं पाणी तिच्यात अर्धा तास ठेवायचं. गाळ तळाला बसून वर नितळ पाणी आलं की टाकी धड. आम्ही धनगर, टाकीतल्या जिवाणूंना मी जित्राबंच म्हणायचो. घाण तेच खातात, फक्त त्यांना ब्लोअरची हवा अखंड लागते. ती मिळाली की गावची घाण ओढ्यात उतरत नाही. अठरा वर्षं हे काम इमानानं केलं, एक दिवस सोडून.

४. त्या दिवसाबद्दल. चार वर्षांपूर्वीची वेळा अमावस्या, आमची येळवस. गाव ओस पडतं, सगळे शेतात कडब्याच्या कोपीपुढं भज्जी आणि ताक-ज्वारीची आंबील खायला. लिंबाजी आदल्या सांजेला माझ्या बदली कामावर येतो म्हणाला आणि आला नाही. मी त्याच सांजेला ब्लोअर बंद केला, बायपासचा व्हॉल्व्ह उघडला आणि कच्चं सांडपाणी थेट ओढ्यात सोडून घरी आलो. एका दिवसानं काय होतंय, म्हणलो. रजिस्टरात लिहिलं: प्लांट चालू, पाणी स्वच्छ. चार वर्षं लिंबाजीला शिव्या घातल्या, त्या परत घेतो. व्हॉल्व्ह माझ्या हातानं फिरला.

५. येळवशीला चुलत पुतण्या धनाजीच्या शेतात जेवायला गेलो. शेत ओढ्याकाठी, केंद्राच्या खालच्या अंगाला. ओढ्यावर फेस दिसत होता. धनाजीच्या घरच्यांनी काठच्या वाळूत झिरा उकरून प्यायचं पाणी भरलेलं. धनाजीच्या आईनं, कोंडाबाई वहिनींनी, तांब्या पुढं केला. "भावजी, पाणी घ्या की." मी घरची बाटली काढली. म्हणलो, "घसा धरलाय, गरम पाणी पितोय." तेव्हा एक शब्द बोललो असतो तर त्या आज असत्या. घरून करून आणलेली आंबील मात्र दोन तांबे प्यालो.

तिसऱ्या दिवशी वहिनी उलट्या-जुलाबानं गेल्या. भावकीनं ठरवून टाकलं, सून शिवकांतानं बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आंबील ठेवली, ती कळकली, आणि सासू मेली. तेव्हापासून तिच्या हातचं कुणी खात नाही. लग्नकार्यात तिला चुलीजवळ फिरकू देत नाहीत.

नात्यानं मी तिचा चुलत सासरा. माझ्यापुढं येऊन रडली. "मामा, कल्हई दिवाळीतच केली होती हो. तुमी बी प्यालात की आंबील, तुमाला का न्हाय काय झालं?" मी म्हणलो, "जाऊ दे पोरी, होत असतंय." इतका हलकट मी.

६. म्हणून लिहून देतो: आंबील चांगली होती. वहिनींचा जीव मी सोडलेल्या पाण्यानं गेला. माझ्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायच्या आधी, कलम चार ते सहा भावकीपुढं मोठ्यानं वाचावं. जिवंतपणी माझी छाती झाली नाही.

७. शिवकांताला काही देत नाही. वकीलताई म्हणाल्या, साक्षीदाराला काही ठेवू नये. आणि मला साक्षीला तीच हवी. तिनं वाचल्याशिवाय सही करू नये.

ठिकाण: देवकतेवस्ती
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

(सही) बिराप्पा सिद्राम देवकते

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून साक्ष:

१. (सही) ॲड. अर्पिता माने

२. (सही) शिवकांता धनाजी देवकते
समदं वाचलं. मामा, तुमच्या दहाव्यापर्यंत मी थांबणार न्हाय. उद्या सकाळी भावकी बोलावते. तुमीच वाचा.