गाडीतल्या गणपतीचा दिवा

मंगळवार, दिवेलागण

आज लई हसले.

आमच्या मालकाची गाडी कवापासून दीर तपासत व्हते. चौसाळ्याला त्यांचं ग्यारेज हाय. गाडीच्या कंपुटरला वायर जोडून लॅपटॉपवर इंजनाची रेघ उमटवायची, तर रेघ सारखी उड्या मारायची. इंजन मात्र गुमान चालू. शेवटी आज म्हनले, "वहिनी, कंपुटर गेला. इकून टाका गाडी."

इकू? आत्ता कुठं मी चालवायला शिकले!

मी गाडीत बसले रेघ बघत. समोर गणपती, त्याच्या पायाशी मालकानं बसवलेला लुकलुकता दिवा. दिवा लुकलुकला की रेघ उडायची. परत बघितलं. लुकलुक, उडी.

"भावजी, दिवा काढा की."

"देवाचा दिवा? म्या न्हाई काढत. सगळी गाडी उसकटली, पर त्याला हात लावला न्हाई."

"कावून? देव अंधाराला भेतो व्हय?" आन मीच दिव्याची पिन उपसली.

रेघ सरळ! भावजीनं दिवा परत लावला, रेघ नाचली. काढला, सरळ. दिव्याची वायर कंपुटरच्या वायरीला चिकटून गेलती, तिची गडबड हिच्यात शिरत व्हती म्हने.

मालक, वर जाऊन बसलात तरी खोड्या चालूच का तुमच्या?

गाडी इकायची न्हाई. उद्या उमापूरला बहिणीकडं मीच चालवत जानार, भावजी शेजारी. दिवा नसला तरी देवाचं नाव ते वाटभर घेतील.