भट्टीवरचा सर्वांत जुना कामगार

बाबा,

आधी नमस्कार, मग भीती.

काचकामगारांच्या खोकल्यावरचा माझा शोधनिबंध उद्या द्यायचा आहे. कारखान्यात कामगारांशी बोलायला मिळालेल्या परवानगीच्या अटीप्रमाणे एक प्रत तुमच्या मालकांकडे जाईल. "मालकांनी तोंडाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नाही," हे तुमचं वाक्य त्यात आहे. खाली नाव नाही, फक्त 'भट्टीवरचा सर्वांत जुना कामगार'.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "नाव नाही ना? मग कशाला घाबरतोस?"

पण इतका जुना दुसरा आहेच कोण? मालक तुम्हाला घरी बसवतील. बाकी सगळे घाबरत बोलले. तुमचं वाक्य काढलं, तर निबंधात जीवच उरत नाही.

तुम्हाला विचारलं, तर खोकत खोकत म्हणाल, "छाप रे, भित्र्या!"

म्हणूनच हे पत्र पाठवत नाही. वाक्य खोडलं आहे.

तुमचा,
भित्रा