भुताच्या बोलपटाला दिलेला सूर

मी, महिपत धोंडीबा शेलार, वय बेचाळीस, धंदा बोलपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणे, राहणार डोंबिवली, पेंडसे यांची चाळ, खोली चार, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. येत्या बुधवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले. तेव्हापासून माझे हात गार पडतात. अक्षर वाकडे दिसल्यास ते भीतीमुळे आहे, बुद्धी ठिकाणावर नसल्यामुळे नाही, याची नोंद घ्यावी.

कलम १. खोलीतले सर्व सामान, पोस्टातली शिल्लक आणि गावच्या जमिनीतला माझा हिस्सा माझी पत्नी सौ. सगुणा हिला मिळावा. तिला हिरव्या बांगड्या आवडतात. माझ्यामागेही तिने त्या घालाव्यात. कोणी बोलल्यास हा कागद दाखवावा.

कलम २. माझा माउथ ऑर्गन विश्रामला द्यावा. तो आमच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतो, पण इंग्रजी चित्रांतल्या गुराखी घोडेस्वारांच्या लांब, मोकळ्या शिळा माउथ ऑर्गनवर त्याच्यासारख्या कोणालाच जमत नाहीत.

कलम ३. संगीत दिग्दर्शक आनंद मास्तर यांना माझ्या मृत्यूची बातमी कळवावी. अंत्ययात्रेत वाजवायला माणसे मात्र त्यांनी पाठवू नयेत. कारण पुढे येईल.

लढाईच्या शेवटच्या वर्षी मी कल्याणच्या लष्करी छावणीत कोठारावर कारकून होतो. तिथल्या इस्पितळात वॉल्टर नावाचा एक काळा अमेरिकन सोल्जर हिवतापाने पडून होता. बरा झाला की त्याला ब्रह्मदेशात पाठवणार होते आणि तो बरा व्हायला घाबरत होता. फुटलेल्या बाटलीचा गळा घासून त्याने गुळगुळीत केला होता. तो गळा बोटात घालून गिटारच्या तारांवरून घसरवी. कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधे एक जागा आहे, तिला आपल्याकडे नाव नाही. तिथे तो थांबला की माणूस रडू आवरून बोलतो आहे असे वाटे. मी विचारले, हे कशासाठी वाजवतोस? त्याच्या बोलण्याचा मला समजलेला अर्थ असा, की भीती वाटली की हे वाजवायचे. भीती जात नाही, पण अंगावरून उतरून शेजारी बसते. जाताना गिटार आणि ती काच त्याने मला दिली. तो जगला की नाही, मला माहीत नाही.

त्याच पावसाळ्यात माझी मुलगी शीला, तेव्हा एक वर्षाची, तापाने फणफणली. मी तिच्या उशाशी बसून वॉल्टरच्या पद्धतीने एक चाल बांधली आणि ती झोपेपर्यंत वाजवत राहिलो. पुढे सात वर्षे ती त्या चालीशिवाय झोपली नाही. घरात आम्ही त्या चालीला शीलाचा सूर म्हणत असू.

सन १९५२ मध्ये आनंद मास्तरांकडे एक भुताचा बोलपट आला. त्याचे नाव मी इथे लिहिणार नाही. घोड्यावरून एक वाटसरू ओसाड गावात शिरतो आणि विहिरीवर पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी असते, असा प्रसंग होता. व्हायोलिनांचा कल्लोळ लावून पाहिला तर लोक हसले. मास्तर म्हणाले, "महिपत, तुझ्याकडे काही वेगळं असलं तर काढ."

मी शीलाचा सूर वाजवला. मास्तरांनी तो निम्म्या लयीत मागितला. मग मी जाड तारेवर थकलेल्या घोड्याच्या टापा ठोकल्या, त्यावर विश्रामने ती लांब शीळ धरली आणि मी काच घसरवत त्या मधल्या जागेवर आलो. तबलजी म्हणाला, "बंद करा हो, घशाला कोरड पडली." मला अभिमान वाटला. खरे सांगतो, फार अभिमान वाटला. पडद्यावर नाव एकट्या मास्तरांचे आले, त्याचा राग मी आजवर बाळगला. पण मोठा अपराध माझाच.

कलम ४. माझे मनगटी घड्याळ धाकटा भाऊ उत्तम याला द्यावे. त्याच्यावरचा राग मी आज सोडतो. आठ वर्षांच्या शीलाला तो ठाण्याला तो बोलपट दाखवायला घेऊन गेला. तिला सांगितले होते, "आबांची गिटार ऐकू चल." पांढरी बाई पडद्यावर आली आणि स्वतःच्या झोपेचा सूर ऐकून पोर अंधारातून बाहेर धावली. तास दीड तास सापडली नाही. शेवटी खोपटच्या रस्त्याला एका उभ्या बैलगाडीखाली सापडली, तोंडात परकराचा बोळा धरून.

घरी आणल्यावर मी काय केले? नेहमीसारखी गिटार मांडीवर घेतली. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही तिला बोलावताय."

त्यानंतर चार वर्षे शीला माझ्याशी आई जवळ असेल तरच बोलते. मी घरी असलो की झोपायला कल्याणला मावशीकडे जाते. आणि मी? प्रत्येक भुताच्या बोलपटाला तोच आवाज हवा होता, म्हणून वाजवत राहिलो. स्टुडिओत मला भूतवाला म्हणत. मी हसत असे.

कलम ५. गिटार फोडून जाळावी आणि काच कोलशेतच्या खाडीत टाकावी.

येथवर लिहून झाल्यावर आमचे चाळमालक भाऊ पेंडसे यांनी मजकूर सगुणा आणि विश्राम यांच्यासमोर मोठ्याने वाचला. शीला कल्याणहून आली होती. ती दारात उभी आहे हे आम्हाला कळले नाही.

ती म्हणाली, "आबा, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते. मला क्लोरोफॉर्म देतील. मग मी कुठे असेन ते मला कळत नाही."

तिने खुंटीवरची गिटार काढून माझ्यापुढे ठेवली आणि चटकन मागे सरली. "टापा नकोत," म्हणाली.

मी वाजवले. दोनदा चुकलो. मधली जागा आली तेव्हा ती बाहेर गॅलरीत गेली. मी थांबलो. "थांबू नका," असा बाहेरून आवाज आला. मी पुढे गेलो. संपण्याआधी ती परत आत आली आणि सगुणाचा हात धरून उभी राहिली. तिचा रंग उतरला होता.

मग तिने भाऊंकडे पेन मागितले. भाऊ म्हणाले, "अगं, असं खोडता येत नाही." मी म्हणालो, "खोडू द्या."

सबब कलम ५ रद्द. गिटार व काच शीलाची. तिने वाजवलीच पाहिजे असे नाही.

माझी भीती कमी झालेली नाही. बुधवारी शीला इस्पितळात दाराबाहेर बसणार आहे.

हे मी वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केली.

ठिकाण डोंबिवली, रविवार, ता. ११ नोव्हेंबर १९५६.

महिपत धोंडीबा शेलार

साक्षीदार:
१. भाऊ सदाशिव पेंडसे, चाळमालक
२. विश्राम गोपाळ नाखवा, वादक

कलम ५ वरील काट मृत्युपत्र करणाराची कन्या शीला हिने, त्याच्या संमतीने, आम्हा दोघांसमोर मारली. काट मारताना कागद फाटला आहे. तो तसाच ग्राह्य धरावा.
म. धों. शेलार. भा. स. पेंडसे. वि. गो. नाखवा.