काउंटरखालचं तयार भांडं

४ फेब्रुवारी, मंगळवार

टीव्हीवरचा माझा स्वयंपाकाचा कार्यक्रम बंद. झालं!

दिग्दर्शकाने स्वतः उठून चहा आणून दिला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत त्याने कुणाला कपभर पाणी दिलेलं पाहिलं नाही. म्हणाला, "दादा, लोकांना आता स्पर्धा हवी, भांडणं हवीत. तुम्ही कुणावर ओरडतच नाही हो." म्हटलं, शिकवा की ओरडायला. हसला, मग चष्मा पुसत बसला. माणूस वाईट नाही.

बायकोला सांगितलं. "बरं झालं. मुलखाला जेवायला शिकवलंत, आता स्वतः वेळेवर जेवा!"

देवापुढे बसलो. मागायचं काय तेच सुचेना. नुसता बसलो.

६ फेब्रुवारी

मुलीला सांगितलं – सोमवारपासून मी हॉटेलात शेगडीपुढे उभा राहणार. ती भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. वळून न बघताच म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर लोकांशी बोला ना. फोटो काढून द्या. लोक त्यासाठीच येतात."

हॉटेल माझं. दारावरच्या पाटीवर माझा चेहरा, परातीएवढा. पण आत माझी जागा कुठली? मी टीव्हीवर मिरवत होतो तेव्हा स्वयंपाकघराचा गाडा तिनेच ओढला. तिचंही खरं आहे. तरी लागलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

लाज! लिहू की नको? लिहितो.

दुपारची ऐन गर्दी. भरलेल्या ढोबळ्या मिरच्या माझ्याकडे होत्या. कच्चा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं, आणि वाकून काउंटरखाली हात घातला – तयार ट्रे काढायला! टीव्हीवर तसंच असायचं. कच्चं आत ढकलायचं आणि खालून शिजलेलं, सजवलेलं वर काढायचं. पडद्यामागच्या मुली ते सकाळीच करून ठेवत. इथे खाली ओल्या फडक्यांची बादली. आणि तोंडाने मी मोठ्याने म्हणत होतो, "चला तर मग, बघू या काय झालंय!"

सगळे थबकले. मग भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, खालून असं तयार निघत असेल तर माझी घासलेली पातेलीपण काढा की!"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. मीही हसलो. मुलगी तेवढी हसली नाही. "खिडकीजवळचं टेबल खोळंबलंय," म्हणाली आणि माझ्यापुढून पॅन उचलून घेऊन गेली.

११ फेब्रुवारी

रात्रभर अंग ठणकत होतं. तरी गेलो.

१४ फेब्रुवारी

मुलीने कांद्यावर बसवलंय. "आधी चिरायचं. बाकी नंतर."

चिरण्यात काय ते! असं मला वाटलं होतं. पण मी अजून कॅमेऱ्यासाठी चिरतो – सावकाश, मनगट तिरपं, सुरी सगळ्यांना दिसावी म्हणून. मुलगी मागून येते, मनगट धरून सरळ करते, निघून जाते. गावच्या शाळेत गुरुजी असंच हात धरून गिरवून घेत. पन्नाशीला आलो आणि पुन्हा पहिलीत!

आज एका गिऱ्हाईक बाईंनी काचेतून माझे भरलेले डोळे पाहिले आणि आत येऊन म्हणाल्या, "धीर सोडू नका हो, दुसरा कार्यक्रम मिळेल." कांदा दाखवला तरी पटेना. बायको म्हणते, "खरंच रडू आलं तरी कांद्यावर ढकला. सोय झाली."

२० फेब्रुवारी

सूप माझ्याकडे आलं. बढती!

चमचा तोंडाला लावला, डोळे मिटले, म्हणालो, "वा!"

"कुणाला सांगताय?" मुलगी.

मग खरंच चव घेतली. मीठ कमी होतं.

२५ फेब्रुवारी

आज माझं ताट परत पाठवलं. गिऱ्हाइकाने नाही, मुलीने. पुन्हा केलं, तेही परत. "मिरच्यांच्या कडा करपल्यात." दिवसेंदिवस कडक होत चालली आहे. फोनवर बोलत असते आणि मी दिसलो की आवरतं घेते. बायको थट्टेत म्हणाली, "तुम्हाला पळवून लावायचा बेत दिसतोय लेकीचा." थट्टाच. पण माझ्या मनात तेच होतं.

संध्याकाळी देवाला म्हटलं – माझी जागा बाहेर फोटो काढण्यातच असेल तर तसं मन दे. नाहीतर हात दे. दोन्हींतलं एक तरी दे बाबा.

२८ फेब्रुवारी

मिरच्या बरोबर झाल्या. कुणी काही बोललं नाही, म्हणजे बरोबर झाल्या.

१ मार्च, शनिवार

मुलगी म्हणाली, "आज मोठी शेगडी तुमची. मी हात लावणार नाही." आणि खरोखर हाताची घडी घालून दाराशी उभी राहिली.

शेगडीला नमस्कार केला आणि लागलो. टेबलं भरली, ऑर्डरी येत राहिल्या. एकदा रस्सा लागता लागता वाचला. एकदा हात भाजला. पण किती वेळ गेला कुणास ठाऊक, मध्येच ध्यानात आलं – आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. कोण बघतंय हेही बघितलेलं नाही. समोर आच, पॅन आणि पुढची ऑर्डर. एवढंच. जपाला बसल्यावर क्वचित असं होतं.

शेवटी मावशी ओरडल्या, "दादा, ताटं चाटूनपुसून येताहेत आज! घासायचं काय मी?"

मुलीकडे पाहिलं. ती तोंड फिरवून उभी होती.

२ मार्च, रविवार

मुलगी शेजारी येऊन बसली. दुसऱ्या शहरात तिने केव्हाची एक जागा पाहून ठेवली आहे. लहानशी, स्वतःच्या हॉटेलासाठी. इथे मागे सांभाळणारं कुणी नव्हतं म्हणून कधी बोलली नाही. फोन त्याचेच होते.

"बाबा, आता मी जाऊ?"

जा म्हणालो. आवाज नीट निघाला, देवाची कृपा.